झोपण्याआधीची दहा मिनिटं: लहान मुलांच्या गोष्टींबद्दल वाचकांचे प्रश्न

सहा वर्षांखालच्या मुलांना घरी गोष्टी कशा सांगाव्यात, याबद्दल आम्ही मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. या वेळची सगळी पत्रं बडोद्याहून आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे. मकरपुऱ्याला कारखान्यात नोकरी, घरी यायला साडेआठ वाजतात. गोष्ट सुरू केली की दोन मिनिटांत हा उठून पळतो. मुद्दाम बोधकथांचं मोठं पुस्तक आणलं, पण त्यातलं एक पानसुद्धा पुरं होत नाही. याला गोष्टींची आवडच नाही का? (एक बाबा, मांजलपूर)

आवड आहे, पुस्तक त्याच्या वयाचं नाही. अशा जाड पुस्तकांतल्या गोष्टी वाचता येणाऱ्या मुलांसाठी लिहिलेल्या असतात. पानभर मजकूर आणि कोपऱ्यात एक चित्र. सव्वातीन वर्षांच्या मुलाला पानभर चित्र आणि खाली एक ते तीन छोटी वाक्यं लागतात. ते पुस्तक दोन-तीन वर्षं कपाटात राहू द्या आणि सध्या तोंडी सांगा.

गोष्ट निवडताना तीन गोष्टी पाहा. पात्रं दोन किंवा तीन असावीत. अडचण एकच असावी. आणि एखादं वाक्य किंवा आवाज पुन्हा पुन्हा यावा. आपल्या जुन्या गोष्टी, म्हातारी आणि भोपळ्याची किंवा चिऊ-काऊची, याच बांध्याच्या आहेत, म्हणून त्या लहान मुलांना धरून ठेवतात. बडोद्याच्या मुलासाठी माकड आणि मगरीची गोष्ट तर घरचीच. विश्वामित्री नदीत मगरी आहेत हे इथलं मूल दर पावसाळ्यात ऐकतं. पंचतंत्रातल्या मूळ गोष्टीत मगरीच्या बायकोला माकडाचं काळीज हवं असतं. तो भाग पाच वर्षांनंतर आणा. तीन वर्षांच्या मुलाला एवढं पुरे: माकड झाडावर, मगर पाण्यात, माकड जांभूळ टाकतं, मगर खाते, मग माकड मगरीच्या पाठीवर बसून फिरायला निघतं आणि मध्येच त्याला परत यायचं असतं. ही गोष्ट चार-पाच मिनिटांत होते.

आता सांगायची रीत. पहिले दोन दिवस तुम्हीच सांगा आणि जांभूळ पडलं की दर वेळी ‘डुबुक’ म्हणा. तिसऱ्या दिवशी ‘माकडानं जांभूळ टाकलं...’ इथं थांबा आणि मनात पाचपर्यंत आकडे मोजा. मोठ्या माणसाला ही शांतता फार लांब वाटते आणि बहुतेक जण दोनवरच तोंड उघडतात. लहान मुलाला शब्द शोधून तोंडात आणायला तेवढा वेळ लागतोच. तो ‘डुबुक!’ म्हणाला की गोष्ट पुढे जाऊ द्या.

‘डुबुक! जांभूळ पाण्यात पडलं. मगरीनं काय केलं?’
‘खाल्लं.’
‘गट्टकन खाल्लं. काळं काळं जांभूळ गट्टकन खाल्लं.’

त्याचा एक शब्द घेतला, त्याला दोन-तीन शब्द जोडले आणि परत दिला. साऱ्या कृतीचा गाभा हाच आहे. १९८८ साली अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना चित्रांचं पुस्तक वाचताना थांबायला, विचारायला आणि मुलाचं वाक्य वाढवून परत द्यायला शिकवलं. तुलनेसाठी घेतलेल्या घरांतही पुस्तकं वाचली जात होती, फक्त नेहमीच्या पद्धतीनं. चारच आठवड्यांत पहिल्या गटातली मुलं बोलण्यात स्पष्टपणे पुढे गेली. वाचन दोन्हीकडे होतं, मुलाची पाळी एकीकडेच होती.

बिघडतं कुठं तेही सांगतो. सगळ्यात जास्त बिघडतं ते परीक्षा घेतल्यानं. ‘माकडं किती? रंग कोणता? शेपूट कुठं आहे?’ असा भडिमार झाला की मूल उठतं, आणि त्याचं बरोबर असतं. चार वाक्यांमागे एक प्रश्न पुष्कळ झाला, आणि तोही ‘आता काय होईल?’ अशा जातीचा. दुसरं, शेजारच्या खोलीत टीव्ही सुरू असतो. मोठ्यांना मागचा आवाज गाळून ऐकता येतं, लहान मुलांना ते नीट जमत नाही. तिसरं म्हणजे वेळ. तुम्ही साडेआठला येता तेव्हा त्याला तुमच्या अंगाखांद्यावर खेळायचं असतं. आधी पंधरा मिनिटं ते होऊ द्या, मग जेवण, मग दिवा मंद करून गोष्ट. भुकेलेलं किंवा झोपेनं किरकिर करणारं मूल कुठलीच गोष्ट ऐकत नाही.

आणि त्यानं बसलंच पाहिजे असा आग्रह सोडा. गादीवर उड्या मारत माकड होऊन ऐकलं तरी ते ऐकणंच आहे. पळालाच, तर एका वाक्यात गोष्ट संपवा, ‘आणि माकड घरी गेलं’, आणि थांबा. ओढून परत आणू नका.

नात चार वर्षांची, इंग्रजी शाळेत जाते. खाली सोसायटीत सगळी मुलं गुजराती बोलतात. मी मराठीत गोष्ट सांगते, ती गुजरातीत उत्तर देते, मध्येच इंग्रजी शब्द घालते. मुलगा म्हणतो, ‘आई, तिचा गोंधळ होतो, तू इंग्रजीतच सांग.’ मला इंग्रजी वाचता येतं, पण गोष्ट सांगायला जमत नाही. काय करू? (आजी, दांडिया बाजार)

आजी, तुम्ही मराठीतच सांगा. हे भावनेच्या भरात म्हणत नाही. गोष्ट सांगणाऱ्याला ज्या भाषेत आवाज बदलता येतो, लटका राग आणता येतो, ऐन वेळी नवा प्रसंग घालता येतो, त्याच भाषेत मुलाला जास्त शब्द आणि जास्त लांब वाक्यं ऐकायला मिळतात. अडखळत सांगितलेल्या इंग्रजी गोष्टीत वाक्यं आखूड होतात, शब्द तेच ते येतात आणि सांगणाराही कंटाळतो.

दोन-तीन भाषा कानावर पडल्यामुळे मूल बोलायला मागे पडत नाही. एका वाक्यात दोन भाषा येणं हे अशा घरांतल्या मुलांचं अगदी स्वाभाविक बोलणं आहे, आजार नव्हे. शिवाय आधी काय घडलं, मग काय, का घडलं, शेवटी काय झालं, ही गोष्टीची जी बांधणी मूल आजीच्या मराठीत शिकतं, ती शाळेतल्या इंग्रजी धड्यातही त्याच्या कामी येते. ती दुसऱ्यांदा शिकावी लागत नाही. तुमच्या मुलाला हेही सांगा की २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही जिथं शक्य असेल तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असंच म्हटलं आहे.

आता ती गुजरातीत उत्तर देते त्याबद्दल. ‘मराठीत बोल’ असं म्हणू नका. त्या दोन शब्दांनी गोष्ट तुटते आणि मराठी ही चुका काढणारी भाषा होऊन बसते. ती म्हणाली, ‘आजी, वांदरो पडी गयो!’ तर तुम्ही म्हणा, ‘अगं बाई, माकड पडलं! कुठं पडलं ते?’ तिचंच वाक्य मराठीत परत गेलं, शिक्षा झाली नाही, गोष्ट चालू राहिली. काही आठवड्यांनी गोष्टीतली ठरलेली वाक्यं ती मराठीत म्हणू लागेल. आधी ठरलेली वाक्यं येतात, स्वतःची नंतर.

गोष्टीसाठी जागा ठरवा: आजीचा पलंग, किंवा भाजी निवडताना आजीशेजारचा पाट. भाजीची वेळ आम्हाला जास्त आवडते, कारण हाताशी वस्तू असतात. वालाच्या शेंगा सोलताना एक मोठी शेंग, एक छोटी आणि एक किडकी बाजूला काढा. ती आई, बाळ आणि पाहुणा झाली की गोष्ट तयार. सोलणं, निवडणं, टोपली, सूप, परात हे शब्द अर्थ न सांगता तिच्याकडे जातात.

गुजरातीला परकी समजू नका. गोष्ट सांगण्यात बडोद्याची परंपरा मोठी आहे. सतराव्या शतकातला आख्यानकवी प्रेमानंद इथलाच. तांब्याच्या घागरीवर बोटांतल्या अंगठ्यांनी ताल धरून आख्यान सांगणारे माणभट्ट ही गुजराती परंपरा या शहरानं जपली. तुम्हीही करून पाहा. पालथ्या पातेल्यावर बोटांनी ठेका धरा, मगर आली की संथ, माकड पळालं की जलद. शेजारच्या गुजराती आजींनी तीच गोष्ट गुजरातीत सांगितली तर दोन्ही भाषांचा फायदाच आहे. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर कितीतरी चित्रकथा मराठीतही आहेत आणि गुजरातीतही. त्या विनामूल्य उतरवून छापता येतात.

एक सावधगिरी मात्र पाळा, आणि ही फक्त तुमच्या नातीसाठी नाही. घरातल्या सगळ्या भाषांतले शब्द एकत्र धरूनसुद्धा सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थाचा शब्द येत नसेल, दोन वर्षांपर्यंत मूल आपणहून दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले शब्द नाहीसे होऊ लागले असतील, तर ‘दोन भाषांमुळे असेल’ म्हणून वाट पाहू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कानांची तपासणी करून घ्या.

बाळ आठ महिन्यांचं आहे. सासूबाई म्हणतात, इतक्या लहान बाळाला काय कळतं? (एक आई, कारेलीबाग)

अर्थ कळत नाही, पण आवाज कळतो, चेहरा कळतो आणि आपली पाळी कधी आली हेही हळूहळू कळू लागतं. आईचा आवाज बाळ जन्माआधीच ओळखू लागतं. तुम्ही काही बोललात आणि थांबलात, की आठ महिन्यांचं बाळ ‘बाबाबा’ करतं. ते उत्तर समजून पुढचं वाक्य बोला.

वेगळा वेळ काढायची गरज नाही. तेल लावताना, अंघोळीनंतर पुसताना एक-दोन मिनिटांचं बडबडगीत पुरतं, दर वेळी तेच आणि त्याच जागी. गुदगुली करण्याआधी क्षणभर थांबा. बाळ आधीच हसायला लागलं तर पुढे काय येणार ते त्याला ठाऊक झालं आहे. पुस्तक आणायचं तर जाड पुठ्ठ्याचं किंवा कापडाचं, एका पानावर एकच वस्तू असलेलं. बाळ ते तोंडात घालेल. घालू द्या, फक्त रंग निघत नाही ना आणि कोपरे गोल आहेत ना हे पाहा. त्यानं मान फिरवली की झालं, पुस्तक मिटा. आणि सासूबाईंना बडबडगीतं विचारा. त्यांना तुमच्यापेक्षा जास्त येत असतील.

मुलगी रोज तीच गोष्ट मागते. महिना होत आला. बदलावी का? (अनेक पत्रं)

बदलू नका. पहिल्यांदा ऐकताना मूल फक्त काय घडलं ते पकडतं, दहाव्यांदा ऐकताना कसं आणि का ते पकडतं, नवे शब्द तर त्यानंतरच तोंडात येतात. तुम्हाला कंटाळा आला असेल तर मुद्दाम चुका: ‘आणि म्हातारी बसली... कलिंगडात!’ ती ओरडून दुरुस्त करेल. मग म्हणा, ‘तूच सांग बाई आता.’ गोष्ट सांगण्याची जागा तिच्याकडे जाणं, यासाठीच महिनाभराचा खटाटोप.

मोबाइलवर मराठी गोष्टी लावून दिल्या तर चालतात का? आजी-आजोबा पुण्यात असतात. (एक आई, गोत्री)

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या मुलांना पडद्यासमोर बसवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून जास्त नको. त्यापेक्षा कमी तर आणखी बरं. बसल्या वेळात मोठ्या माणसानं पुस्तक वाचावं, गोष्ट सांगावी असंही त्यांनी तिथंच म्हटलं आहे. कारण उघड आहे. पडद्यावरची गोष्ट मुलासाठी थांबत नाही. त्यानं ‘डुबुक’ म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय, ती पुढे जाते.

पुण्याच्या आजी-आजोबांचा व्हिडिओ कॉल वेगळा. तिथं समोरचा माणूस मुलाला उत्तर देतो. तो नीट व्हायला हवा असेल तर एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घ्या, एक पुण्याला पाठवा, एक तुमच्याकडे ठेवा. आजोबा वाचतील, पानं इकडे मूल उलटेल. फोन हातात धरू नका, डब्याला टेकवून मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. तुम्ही शेजारी बसा, कारण आवाज थोडा उशिरा पोचतो आणि आजोबांचा प्रश्न पुन्हा सांगायला कुणीतरी लागतं. आजोबांना आधीच सांगून ठेवा की प्रश्न विचारल्यावर नेहमीपेक्षा जास्त थांबा. दहा मिनिटं पुरेत.

माझं माहेर गुजराती, शिक्षण गुजराती माध्यमात. मराठी बोलते, पण मराठी पुस्तक अडखळत वाचते. मुलगा अडीच वर्षांचा. (एक आई, वाडी)

तुमच्यासाठी सगळ्यात चांगलं पुस्तक दुकानात मिळत नाही, ते घरी करावं लागतं. दोन संध्याकाळी लागतील.

विषय घ्या ‘आपण भाजी आणायला गेलो’. खंडेराव मार्केटला जाताना मोबाइलवर आठ फोटो काढा: चपला, रिक्षा, मार्केटचं दार, वांग्यांचा ढीग, तराजू, पिशवी, घरी परत, ताटातली भाजी. कॅमेरा मुलाच्या उंचीवर धरा आणि एका फोटोत एकच गोष्ट ठेवा. गर्दीचा फोटो मोठ्यांना छान वाटतो, अडीच वर्षांच्या मुलाला त्यात काय पाहायचं ते कळत नाही. चार बाय सहा इंचाच्या छापील प्रती काढा, चकचकीत कागदापेक्षा मॅट बऱ्या, दिव्याचा उजेड त्यांवर चमकत नाही.

ए-फोर आकाराचे तीन जाड कार्डशीट मधोमध कापा. सहा तुकडे होतील, त्यातले पाच वापरा, म्हणजे दोन्ही बाजू धरून दहा पानं: आठ फोटोंची, एक मुखपृष्ठ, एक मागचं. बांधणीच्या बाजूला तीन सेंटिमीटर जागा सोडा, नाहीतर फोटोची कड छिद्रात जाते. चिकटवायला गोंदाची कांडी घ्या. पातळ डिंकानं कार्ड ओलं होऊन वाकतं. फोटोखाली एकच वाक्य, काळ्या स्केचपेननं, दीड सेंटिमीटर उंचीच्या अक्षरांत: ‘वांगी घेतली.’ ‘तराजू खाली गेला.’ हे मराठीत लिहा, आणि त्याच्याखाली पेन्सिलीनं तेच मराठी वाक्य स्वतःसाठी गुजराती लिपीत बारीक लिहून ठेवा. महिन्याभरात ती ओळ पुसता येईल.

कोपरे कात्रीनं गोल करा, कडांना सेलोटेप लावा. पंचिंग मशीननं दोन छिद्रं पाडा आणि रिबीन सैल बांधा. घट्ट बांधली तर पुस्तक सपाट उघडत नाही. स्टेपलर नको, पिन सुटून तोंडात जाऊ शकते. पहिली काही दिवस वाक्य वाचूच नका, ‘हे काय चाललंय?’ म्हणून चित्रावर बोला. स्वतःचा चेहरा आणि स्वतःची चप्पल दिसते म्हणून हे पुस्तक मूल दहादा आणतं. फाटेल तेव्हा दुसरं करा.

‘जेवला नाहीस तर बागुलबुवा येईल’ ही गोष्ट घरात चालते. आणि गोष्टीच्या शेवटी तात्पर्य सांगावं का? (एक आजोबा, रावपुरा)

बागुलबुवा बंद करा. तीन-चार वर्षांचं मूल गोष्टीतलं आणि खरं यांत पक्का फरक करू शकत नाही, म्हणून भीती जेवणापुरती राहत नाही, ती रात्री अंधारात येते. जेवण आणि गोष्ट यांचा सौदाही नको, नाहीतर दोन्हींवरून भांडण होतं. वाघ, राक्षस गोष्टीत खुशाल असू द्या, फक्त त्यांच्यावर मात होते हे त्याच बैठकीत ऐकायला मिळालं पाहिजे. भीतीच्या टोकावर ‘बाकीची उद्या’ म्हणू नका.

तात्पर्य नको. आजोबा, तुम्ही माकडाच्या जागी असता तर काय केलं असतं, हे मुलाला सांगा आणि मग त्यानं काय केलं असतं ते विचारा. चूक-बरोबर ठरवू नका.

चांगली मराठी पुस्तकं बडोद्यात कुठं मिळतील? सगळी विकत घेणं परवडत नाही. (एक वाचक, प्रतापनगर)

मांडवीजवळचं सेंट्रल लायब्ररी. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभारायला घेतलं आणि खेड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. ज्या शहरात हे झालं तिथल्या मुलांनी ग्रंथालयाची पायरीच चढू नये, याचं आम्हाला खरोखर वाईट वाटतं. मुलाला घेऊन जा आणि पुस्तक त्याला निवडू द्या. चुकीचं निवडलं तरी घरी आणा. तुमच्या पसंतीचं एक, त्याच्या पसंतीचं एक.

विकत घ्यायचं तर नॅशनल बुक ट्रस्टची बालपुस्तकं स्वस्त असतात. दुकानात मधलं कुठलंही पान उघडून पाहा. मजकूर झाकला आणि तरी चित्रावरून काय चाललंय ते सांगता आलं, तर घ्या. पाच-सहा घरांनी मिळून प्रत्येकी तीन पुस्तकं घेतली आणि दर पंधरा दिवसांनी पिशवी फिरवली, तर तीन पुस्तकांच्या खर्चात पंधरा-अठरा वाचून होतात. पिशवीत एक यादी ठेवा, नाहीतर पुस्तकं हरवतात आणि पिशवी बंद पडते.

एक मुलगी साडेपाच वर्षांची, मुलगा दीड. एकत्र सांगायला गेलं की तो पानं फाडतो आणि ती रडते. (एक आई, फतेहगंज)

दोन वेळा करा. आधी दोघांना मिळून तीन मिनिटं, पुठ्ठ्याच्या पुस्तकातून किंवा हातवारे करत, आणि त्यात ताईला आवाज काढायचं काम द्या. तिला मदतनीसाचा मान मिळतो, त्याला हालचाल मिळते. मग त्याला झोपवा किंवा बाबांकडे द्या आणि तिची मोठी गोष्ट तिच्या एकटीसाठी ठेवा, दहा-पंधरा मिनिटं, रोज एकाच वेळी. तिची कागदी पुस्तकं त्याचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवा, आणि फाडायला त्याला जुनी वर्तमानपत्रं द्या.